दामिनीच्या नावाचं पान

२ डिसेंबर, सोमवार

खाल्लं: सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी दोन पोळ्या, पोपट वालाच्या शेंगांची भाजी, थोडा भात. रात्री पुन्हा भात, थोडा नाही.

गावाहून, सानगडीतून निघाली तेव्हा थंडीनं दात वाजत होते, चिखला खाणीच्या थांब्यावर उतरली तं डोक्यावर ऊन. इश्वर बसपाशी गाडी घेऊन उभा होता. पोरगा पंचेचाळीसचा झाला, तरी मागं वळून वळून विचारते, माय, पदर चाकात नाही ना गेला. मी म्हटलं, तू समोर पाह्य बाबा, ट्रक येऊन राहिला. पदराचं मी पाहून घेते.

खाणीच्या कॉलनीत त्याले दोन खोल्या अन् एक रांधणखोली भेटली आहे. मागं आंगण, आंगणाले कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडं झुडपं. झाडाच्या पानावर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, जिथं बोट फिरवा तिथं मँगनीजची काळी बुकणी. सून सुमित्रा म्हणे, आई, सवय होते. मी म्हटलं, बरंच आहे, काजळाचा खर्च वाचला. संध्याकाळी खाली खाणीत बार उडाले तं फळीवरच्या वाट्या वाजल्या. मले वाटलं, म्हातारीच्या स्वागताले वाजंत्री लावली.

नात दामिनी गळ्यात पडली. भरल्या अंगाची पोरगी, गाल असे का चिमटा घ्यावा. माझ्यावरच गेली. जंगल खात्यात गार्ड व्हायचं म्हणते, भरतीची तयारी करून राहिली. माझी शुगर वाढली म्हणून ही डायरी तिनंच दिली. म्हणे, आजी, जे खाशील ते लिही, खोटं नको लिहू, मी मोबाईलमधी मांडते. मी चवथीपर्यंत शिकली, मंग बापानं धानाच्या रोवण्याले लावलं. त्याच्यानंतर लिहिलं ते सहीपुरतं. पण बसली तं जमते. तोंड चालते तसा हात चालवायचा.

इथं बरं वाटते. माणसं आहेत, नळ आहे, भांडायले सून आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

खाल्लं: दोन पोळ्या, लाखोरीच्या पाल्याची भाजी, भात, ताक. दुपारी एक चिक्की. दामिनीले सांगतली नाही, इथं लिहिते.

दामिनीचं जेवण म्हणजे पाहण्यासारखी गोष्ट. रांधणखोलीत सोनाराकडं असतो तसा काटा आहे. त्याच्यावर पोळी ठेवते. भाजी ठेवते. मंग ताटाचा फोटो काढते. मंग मोबाईल सांगते का एवढं खा अन् ऊठ. पोरगी उठते. माझ्या सासूनं सांगतलं तरी मी कधी ताटावरून उठली नव्हती.

मी विचारलं, मोबाईलले काय माहीत भात कोणत्या शेताच्या बांधीतला. ती म्हणे, आजी, भात भातच असते, सगळ्याच्या कॅलरी सारख्या. चिन्नोरच्या भाताले असं बोलते. वास तरी घे म्हटलं. म्हणे, वासाच्या कॅलरी नाहीत, घेते.

पण नखरा नाही तो, हे मले समजलं. मागच्या भरतीत धावण्यात थोडक्यानं राहिली. शिकवणारा सर सगळ्यांसमोर बोलला का पोतं धावून राहिलं. त्या दिवसापासून दोन काटे आले घरात, एक ताटाचा, एक माणसाचा. जानेवारीत पुन्हा धाव आहे. सकाळी अंधारात मैदानावर जाते, येऊन काट्यावर उभी राहते, आकडा पाहून तिचा दिवस बरा नाही तं वाईट.

माझं दुखणं वेगळं आहे. सुमित्रा मायेनं ताट भरून वाढते, दामिनी अर्धं ठेवते, ते अर्धं बादलीत जाते. सानगडीत गाय होती. इथं गाय नाही, कुत्रंही मागच्या आंगणात येत नाही. चांगला शिजलेला भात नालीत वाहून जाते. ज्यानं कमरेत वाकून चिखलात रोवणा केला नाही त्याले काही वाटत नाही. मले वाटते.

७ डिसेंबर, शनिवार

खाल्लं: नेहमीचं. वांगं चांगलं झालं होतं, दोनदा घेतलं.

आज माझं डोकं सटकलं. दामिनीनं वांग्याची भाजी अन् अख्खा भात ठेवून दिला, मोबाईल दाखवून म्हणे, कोटा संपला.

आमच्या घरी कोणी गेलं का वर्षभर त्याच्या नावानं पळसाच्या पानावर वाटा काढतात. मागच्या आंगणात पान ठेवायचं, नाव घेऊन हाक द्यायची, घे बाबा तुझा वाटा, अन् मागं न पाहता आत यायचं. एका घरात एकच पान. वर्षात दुसरं कोणी गेलं तं पान त्याच्या नावाचं होते, पहिल्याचं बंद. इश्वरच्या बापाचं, लक्ष्मणरावचं, मी वर्षभर ठेवलं. कावळ्यानं खाल्लं का मुंग्यांनी, मी पाहिलं नाही.

तं मी उठली, दामिनीचं उष्टं पळसाच्या पानावर घेतलं, मागं ठेवलं, अन् तिले ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली, घे वं दामिने, तुझा वाटा. लाज वाटावी म्हणून. भरल्या ताटावरून उठणारी अन् मेलेली सारखीच, असं मले म्हणायचं होतं.

सुमित्राचं तोंड उतरलं. म्हणे, आई, जित्या माणसाचं नाव कायले घेता. दामिनी मात्र हसली. म्हणे, आजी, रोज ठेवत जा, फेकायचं पाप माझ्या माथ्यावर नाही. मी म्हटलं, ठेवते. मी काय भिते.

९ डिसेंबर, सोमवार

खाल्लं: दोन पोळ्या, दाळ, भात कमी.

पान दोन्ही दिवस साफ. चाटल्यासारखं. अन् घडी घातलेलं, जेवून उठल्यावर माणूस घालते तशी.

दामिनी खुशीत आहे. काट्यावर आकडा भराभर उतरून राहिला. मैदानावर सर म्हणे, आता कशी हरणासारखी. मले मिठी मारून म्हणे, आजी, तुझं पान लकी आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या उष्ट्याचं पान ठेवते. हाक द्यायची आता सवय झाली.

१२ डिसेंबर, गुरुवार

खाल्लं: दोन पोळ्या, टमाट्याची चटणी, भात.

दामिनीचे सगळे कुर्ते ढिले. पिवळा तं अंगावर टांगल्यासारखा दिसते. तो धुऊन वाळत घातला होता, दोरीवरून गेला. सुमित्रा शेजारच्या तेजरामच्या बायकोवर संशय घेऊन राहिली.

आज पान उचलताना नीट पाहिलं. टमाट्याची सालं काढून एका कोपऱ्यात लावली होती. कडीपत्ता वेगळा. पानाच्या काठावर काळ्या बोटांचे ठसे.

टमाट्याची सालं काढून ठेवणारी या घरात एकच आहे. लहानपणापासून तशीच खाते.

म्हणजे पोरगी चोरून खाते. मोबाईलले फसवते अन् मागं जाऊन आपलंच उष्टं खाते. मी मनात हसली. उद्यापासून पान मोठं ठेवते.

१५ डिसेंबर, रविवार

खाल्लं: एक पोळी. घास फिरत नाही.

दामिनीचा जो आकडा पाहिजे होता तो परवाच आला. सरानं सांगतलं, बस, आता खायचं, ताकद पाहिजे. ती खाऊन राहिली. माझ्यासमोर खाल्लं, तीन पोळ्या, भात, अंडी. मोबाईलनं लाल रंग दाखवला, जास्त झालं म्हणे. काल आकडा कमी. आज अजून कमी.

तिले वाटलं काटा बिघडला. इश्वरनं तांदळाचं सीलबंद पोतं ठेवून पाहिलं. काटा बरोबर.

गालाची हाडं वर आली. हसते तेव्हा दात मोठे दिसतात.

आता ती ताटात ठेवत नाही, तरी मी थोडं काढून पान ठेवलंच. सवयीनं. हाकही दिली.

१७ डिसेंबर, मंगळवार

खाल्लं: चहा.

लिहावं का नाही विचार करून राहिली. लिहिते.

दुपारी घरात मी एकटी. इश्वर कामावर, सुमित्रा नाकाडोंगरीच्या बाजाराले, दामिनी मैदानावर. रांधणखोलीच्या खिडकीतून पाहिलं तं आंगणात दामिनी पाठमोरी बसलेली. पिवळा कुर्ता. पाठीवर घट्ट बसलेला, शिवण ताणलेली. जाड वेणी. पान पुढ्यात घेऊन खाऊन राहिली होती, मोठे मोठे घास.

मले एवढा आनंद झाला. खिडकीतूनच म्हटलं, खा माय, खा, मी कोणाले सांगत नाही. तिनं मागं पाहिलं नाही. डावा हात वर करून हलवला, दामिनी हलवते तसा, हो हो आजी, नको बोलू.

तेवढ्यात समोरचं दार वाजलं.

दामिनी होती. मैदानावरून आलेली, भिंतीले धरून उभी. अंगात दम नाही, ओठ पांढरे, रिकाम्या पोत्यासारखी. म्हणे, आजी, पाणी दे.

मी पाणी दिलं. मंग खिडकीशी गेली. आंगणात कोणी नव्हतं. पान घडी घालून ठेवलेलं, ओलं. बुकणीत पायाचे ठसे, खोल, भारी माणसाचे. भिंतीपर्यंत गेलेले.

पोरगी चोरून खाते असं आता मी स्वतःले सांगू शकत नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

खाल्लं: अर्धी पोळी.

आज पान ठेवलं नाही.

दुपारी दामिनीले समोर बसवून चारलं. भात कालवून घास दिला, ती चावून राहिली, अन् मागच्या दारापलीकडून चावण्याचा आवाज. ती थांबली का थांबते. ती गिळते का गिळल्याचा आवाज तिकडून येते. तिनं विचारलं, आजी, मागं कोण आहे. मी म्हटलं, बकरी.

संध्याकाळी मैदानावर चक्कर येऊन पडली. तुमसरच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, रक्त तपासलं. सगळं बरोबर. डॉक्टरनं सुमित्राले बाजूले घेऊन विचारलं, पोरगी खाल्लेलं ओकून टाकते काय. सुमित्रा रडली. मी सलाईनचे थेंब मोजून राहिली. इश्वर माझ्याकडं पाहत होता.

२० डिसेंबर, शुक्रवार

खाल्लं: पेज.

सुमित्राले सांगतलं. मले वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणे, आई, परवा नळावर दामिनी दिसली, भरली बादली सहज उचलून दिली तिनं मले. मी घरी आली तं दामिनी खाटेवर. मी कोणाले बोलली नाही, मले वाटलं माझंच डोकं फिरलं.

मंग ती म्हणे, तुम्ही ठेवलं, तुम्हीच मोडा.

बरोबर आहे तिचं.

एका घरात एकच पान. दुसऱ्याचं नाव घेतलं का पहिल्याचं बंद. म्हणून आज पान ठेवून इश्वरच्या बापाच्या नावानं हाक दिली. संध्याकाळी पाहिलं तं पान तसंच. भाताले मुंगी नाही लागली. पानाच्या भोवती त्याच पायाचे ठसे, फिरून फिरून. त्यांचं वर्ष कधीचंच सरलं. सरलेलं नाव चालत नाही.

दामिनी आज उठून बसू शकली नाही.

२२ डिसेंबर, रविवार

खाल्लं: काही नाही.

ती आत आली. दिवसाउजेडी.

रांधणखोलीत दामिनीच्या जागेवर बसली, पाय दुमडून. गाल भरलेले. सुंदर दिसते, खोटं कायले लिहू. अशीच पाहिजे होती मले. ताट पुढं ओढलं अन् माझ्याकडं पाहिलं, वाढ म्हणून. बोलली नाही. सुमित्रा बाहेर पळाली.

इश्वर पाळी करून आला. तिच्या डोक्यावर हात फिरवला. म्हणे, आज बरी दिसते पोरगी. मंग हात धुवायले गेला, आतल्या खोलीत डोकावला, अन् मले विचारलं, माय, खाटेवर कोण पाहुणी आहे.

बापानं विचारलं असं.

मी म्हटलं, तुझी पोरगी आहे, नीट पाह्य. त्यानं पाहिलं. खूप वेळ पाहिलं तेव्हा ओळखलं, अन् खाली बसला.

२३ डिसेंबर, सोमवार

या घरात चार जित्या माणसांची नावं आहेत. दामिनीचं घेऊन झालं. राहिले इश्वर, सुमित्रा, मी.

विचार करायले वेळ लागला नाही.

सुमित्रा पाया धरून राहिली होती, आई नको, आई नको. मी म्हटलं, सोड, पोळी करपून राहिली. सत्तर वर्षं पोटभर खाल्लं, वरून चिक्की चोरून खाल्ली. आता कोणी माझं खाल्लं तं खाल्लं. अन् हे दामिनीले सांगतलं तं पाह्य. धावायचं आहे तिले.

भाकर, वांगं, मिरचीचा ठेचा. पान स्वतः लावलं. मागं ठेवलं. मोठ्यानं माझ्याच नावानं हाक दिली, घे वं रुखमे, तुझा वाटा.

मागं न पाहता आत आली. पहिल्यांदा भीती वाटली. थोडी.

२४ डिसेंबर, मंगळवार

सकाळी पान साफ. ठेच्यातलं मिरचीचं देठही नाही ठेवलं. मीही ठेवत नाही.

पिवळा कुर्ता भिंतीवर पडला होता, रिकामा. सुमित्रानं चुलीत घातला.

दामिनीनं वाटीभर पेज घेतली. मंग म्हणे, आजी, अजून आहे काय. हे ऐकायसाठी —

राहू द्या.

२९ डिसेंबर, रविवार

खाल्लं: तीन पोळ्या, भात, दाळ. खाल्लं म्हणजे चावलं. पोटात गेल्यासारखं वाटत नाही.

दामिनी चालते आहे. आज मैदानाले दोन चकरा, हळू. ताट पूर्ण खाते, दोन्ही काटे सुमित्रानं नालीत फेकले, कोणी विचारलं नाही.

माझ्या हातातली बांगडी कोपरापर्यंत जाते. दामिनी म्हणे, आजी, तू काहून वाळून राहिली. मी म्हटलं, तुझ्या मोबाईलनं मलेही कोटा लावला. हसली.

वर्ष सरलं का नाव सरते, तेवढं काढायचं आहे. निघते का पाहू.

२ जानेवारी, गुरुवार

सुमित्रा म्हणे, आई, आज नळावर किती वेळ बोलत होत्या तुम्ही. तेजरामच्या बायकोले असं सुनावलं का तिनं रांग सोडली.

मी दोन दिवस खाटेवरून उठली नाही.

सुमित्रानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मंग तिच्या लक्षात आलं. हातातलं भांडं ठेवलं अन् भिंतीले टेकली —

काय सुनावलं, विचारलं मी. सांगतलं तिनं. चांगलं सुनावलं. मीही तेच बोलली असती.

५ जानेवारी

ती आंगणात बसून केस विंचरते. खिडकीतून दिसते. खांदे रुंद, दंड भरलेले. रोवण्याच्या दिवसांत मी होती तशी.

इश्वर कामावर निघताना तिले म्हणे, माय, येतो.

मी इकडून हो म्हटलं. आवाज —

पेन जड लागते.

७ जानेवारी

सुमित्राही आता दिवसातून एकदाच आत येते. येते तं दारात उभी राहून आठवते, कायले आली. पाणी ठेवून जाते.

तिले बोल नाही लावत. इश्वरले दामिनी ओळखू येत नव्हती, पोटची पोरगी —

उद्या धाव आहे.

८ जानेवारी

पहाटे सगळे भंडाऱ्याले गेले. निघताना दामिनी आंगणात जाऊन कोणाच्या तरी पाया पडली. आशीर्वाद ऐकू आला. खणखणीत.

दिवसभर ती घरात फिरून राहिली. भांडी लावली. झाडलं. खाटेखाली झाडलं तेव्हा माझ्या पायाले झाडू लागला, तिनं पाहिलंही नाही —

गाडी आली.

दामिनी धावली. वेळेत. वेळ राखून. इश्वर दोनदोनदा सांगून राहिला. सुमित्रा रडते, बरं रडणं —

बाहेर ती म्हणते, धावली तं धावली, आता बस अन् पोटभर जेव. माझंच वाक्य —

दामिनी जेवायले बसली. ताटाचा आवाज. वाढ म्हणते. पुन्हा वाढ म्हणते —

आवाज द्यायचा आहे. एकदाच. निघत नाही —

खोकली. तेवढं जमलं.

दामिनी म्हणते, आजी, आत कोण खोकलं वं —

उठली. येऊन राहिली. दारात उभी आहे, हात खरकटा, गाल भरून आले पोरीचे. पाहून घेतले —

खाटेकडं पाहते. माझ्याकडं —

म्हणते, आजी, इथं तं कोणी ना